नेफ्रोलेपिस नव्हे

माझे सासरे आमच्याकडे सहा महिने राहायला आले ते काही हौसेने आले नव्हते. पुण्यातली त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, बिल्डरने घरं रिकामी करायला सांगितली आणि आता सामानासकट जायचं कुठे, असा प्रश्न पडला. सामान माझ्या धाकट्या दिरांकडे गेलं आणि सासरे आमच्याकडे. सासूबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे या खेपेला ते एकटेच होते. ऑक्टोबरच्या मध्याला ते कोलंबसच्या विमानतळावर उतरले तेव्हा स्वेटरच्या आत, गळ्यात, काळ्या दोऱ्याला बांधलेलं एक छोटं भिंग होतं. सिक्युरिटीवाल्यांनी ते दोनदा काढायला लावलं, ही त्यांची या वेळची पहिली तक्रार.

आम्ही डब्लिनला राहतो. आयर्लंडच्या नव्हे, ओहायोच्या. आमच्या गल्लीत सगळी घरं एकाच रंगाची, एकाच उंचीची, आणि नऊ वर्षं राहूनही मी एकदा शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेत गाडी घातलेली आहे. बाबा, म्हणजे माझे सासरे, कराडच्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवत होते. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण आम्हा दोघांचं थेट बोलणं "बाबा, चहा ठेवू?" आणि "ठेव थोडा" याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. मधलं सगळं भाषांतर सासूबाई करायच्या. बाबांना काय आवडलं, काय नाही, कशाचा राग आला, हे मला सासूबाईंकडून कळायचं. आता दुभाषी नव्हती, आणि आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते, म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघंच.

पहिला आठवडा त्यांनी वर्तमानपत्रं वाचून काढली. दुसऱ्या आठवड्यात मी एका मीटिंगमधून बाहेर येऊन स्वयंपाकघरात गेले तर माझे सगळे मसाल्याचे डबे ओट्यावर रांगेत उभे होते आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती. हळदीवर कर्क्युमा लाँगा. जिऱ्यावर क्युमिनम सायमिनम. 

"बाबा, हे काय?"

"तुझी लेक मला विचारत होती जिरं कोणतं आणि शोपा कोणत्या. म्हटलं, एकदाच काय ते नीट लिहून ठेवू."

"पण तिला लॅटिन कुठे येतं?"

"तिला मराठी तरी कुठे येतं?" ते शांतपणे म्हणाले आणि बडीशेपेच्या डब्याकडे वळले.

त्या रात्रीच्या जेवणात नवऱ्याने भाजीत गरम मसाल्याऐवजी काय पडलंय ते ओळखून दाखवलं आणि मी ठरवलं, की या माणसाला घराबाहेर काढायला हवं.

आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक जंगल आहे. जंगल म्हणजे पार्कच, पण उगीच कापून-छाटून ठेवलेलं नाही. एक घळ आहे, खाली ओढा, दोन्ही बाजूंना मेपल आणि बीचची उंच झाडं, आणि ओढ्याच्या कडेने जाणारी एक पायवाट. नऊ वर्षांत मी तिथे शंभरदा तरी गेले असेन, कानात इअरफोन घालून, पावलं मोजत. त्या शनिवारी मी बाबांना आणि चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. लेक यायला तयार नव्हती. तिला फोनची लालूच दाखवली, म्हणजे फोन बरोबर आणायची परवानगी दिली.

पानं नुकती पिवळी व्हायला लागली होती. बाबा आधी हात पाठीशी बांधून, परीक्षेच्या हॉलमध्ये फिरल्यासारखे चालत होते. मग घळीच्या उतारावर त्यांना काहीतरी दिसलं आणि ते पायवाट सोडून सरळ खाली गेले.

"बाबा, जपून! घसरेल!"

"नेचा!" त्यांचा आवाज एकदम पंचविशीतला. "अगं, केवढे नेचे आहेत इथे!"

मी बघितलं. उतारावर गुडघ्याइतकी उंच, गडद हिरव्या पानांची झुंबरं उगवली होती. मोरपिसासारखं लांब पान, मधोमध दांडा, दोन्ही बाजूंना लहान पात्यांची दाट रांग. मला ती आठवतच नव्हती. इतकी वर्षं माझ्या लेखी तिथे नुसता 'हिरवा रंग' होता.

"कुठला आहे हा?" मी विचारलं.

"नेफ्रोलेपिस," त्यांनी क्षणात सांगितलं. "आपल्याकडे कुंड्यांत लावतात तोच. छत्तीस वर्षं अकरावीच्या पोरांना प्रॅक्टिकलला दिलाय. हे बघ, पात्याच्या बुडाशी कान कसा वर आलाय." आणि मला तो कान नीट दाखवावा म्हणून त्यांनी एक पान दांड्यापासून तोडलं.

"एक्स्क्यूज मी, सर!"

पायवाटेवर एक बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात, अंगावर पार्कच्या स्वयंसेवकांचं नारिंगी जॅकेट, हातात काठी, डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी. त्यांनी अत्यंत सभ्य आवाजात सांगितलं की इथलं काहीही तोडायला मनाई आहे, पानसुद्धा नाही, तसा बोर्ड दारावर आहे. मी चार वेळा सॉरी म्हटलं. लेक पाच पावलं मागे सरकून आमची कोणी नसल्यासारखी उभी राहिली.

बाबा तुटलेलं पान हातात धरून वर आले. त्यांचं इंग्रजी व्याख्यानाचं आहे, स्पष्ट आणि पूर्ण वाक्यांचं. "मॅडम, मी वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक आहे. मी माझ्या कुटुंबाला नेफ्रोलेपिस दाखवत होतो."

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण तो ख्रिसमस फर्न आहे."

"ते बोलीतलं नाव झालं. मी शास्त्रीय नाव सांगतोय."

"असेल. पण तो ख्रिसमस फर्नच आहे."

"मॅडम, बोलीतली नावं दहा गावांत दहा असतात. शास्त्रात त्यांना अर्थ नसतो."

बाई एवढंच म्हणाल्या, "या गावात त्याला ख्रिसमस फर्न म्हणतात," आणि काठी टेकत पुढे गेल्या.

परतताना बाबांनी हात पुन्हा पाठीशी बांधले. लेकीने मात्र खिशातून फोन काढला, मघाशी गुपचूप काढलेला फोटो झाडं ओळखणाऱ्या ॲपमध्ये घातला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "आजोबा, इट सेज ख्रिसमस फर्न."

"यंत्राला काय कळतं? त्याने पान उलटून बघितलं का? भिंग लावलं का?"

"डिड यू?" लेकीने विचारलं.

मी तिच्यावर डोळे वटारले, पण प्रश्न रास्त होता. भिंग त्यांच्या स्वेटरच्या आतच राहिलं होतं. घरी आल्यावर बराच वेळ ते खिडकीशी बसून राहिले. चहाच्या वेळी मी "ठेवू?" विचारलं तर "नको" म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

नंतरचे काही आठवडे तो विषय निघाला नाही. म्हणजे निघायचा, पण वाकड्या वाटेने. जेवताना ते मध्येच विचारायचे, "इथे थंडी किती पडते?" मी सांगायचे, शून्याच्या खाली बरीच जाते. "आणि जमीन गोठते?" गोठते. ते मान हलवायचे आणि पोळीचा तुकडा तसाच हातात धरून बसायचे. एकदा नवऱ्याला म्हणाले, "नेफ्रोलेपिस उष्ण प्रदेशातला. गोठणं त्याला मानवत नाही." नवऱ्याला वाटलं ते दिरांकडे ठेवलेल्या त्यांच्या कुंड्यांबद्दल बोलतायत. त्याने भावाला फोन करून कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला. मंगळवार होता. माझी सकाळपासून एकामागून एक मीटिंग होती. साडेअकराला बाहेर आले तर घर शांत. बाबांच्या खोलीचं दार उघडं, गादीवर रजई नीट घडी केलेली, फोन चार्जरवर. नवऱ्याचे बर्फातले बूट जागेवर नव्हते. त्याचा जाडा कोटही नव्हता.

मी काय काय विचार केला ते सांगत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, उभ्या आयुष्यात बर्फावर चाललेला नाही, पायात दोन नंबर मोठे बूट, बरोबर फोन नाही. मी टीमला "फॅमिली इमर्जन्सी" असं लिहिलं आणि लॅपटॉप उघडा टाकून पळाले. घरातल्या सपाता घालूनच गाडीत बसले, हे मला पार्कच्या दारात उतरल्यावर कळलं. पायवाटेवर मोठ्या बुटांचे ठसे होते, जरा फाकलेले. मी त्यांच्या मागे मागे गेले. सपातांत बर्फ शिरत होता आणि मी मोठ्याने "बाबा! बाबा!" अशा हाका मारत होते.

घळीच्या वळणावर मला आधी ते नारिंगी जॅकेट दिसलं. त्याच बाई. त्या उतारावर उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी बाबा गुडघ्यांवर, डोकं जमिनीपर्यंत झुकलेलं.

"बाबा!"

त्यांनी मान वर केली. मिशीला बर्फ लागला होता. एका हातात भिंग होतं, दुसऱ्या हाताने त्यांनी बर्फ बाजूला सारून एक पान उलटं धरलं होतं. पान तोडलं नव्हतं, नुसतं उचललं होतं.

"हिरवा आहे," ते मला म्हणाले. "हिरवागार आहे. ये, बघ."

बाईंनी मला सांगितलं की त्या नेहमीच्या फेरीला आल्या होत्या आणि लांबून त्यांना वाटलं म्हातारा पडला. त्या धावत आल्या, त्यांनी काठी पुढे केली, तर या गृहस्थांनी त्यांना हातानेच थांबा म्हणून खूण केली आणि पुन्हा डोकं खाली घातलं. "वीस मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, थंडीने मरू नये म्हणून सोबत उभी तरी राहते."

बाबा उठले. म्हणजे उठायचा प्रयत्न केला, गुडघे धरले होते. मी एका बाजूने आणि बाईंनी दुसऱ्या बाजूने ओढल्यावर ते उभे राहिले. विजारीचे गुडघे ओलेचिंब. त्यांनी कोट झटकला, टोपी नीट केली आणि बाईंकडे वळले.

"मॅडम," ते त्यांच्या व्याख्यानाच्या इंग्रजीत म्हणाले, "मी चुकलो. हा नेफ्रोलेपिस नव्हे. ऑक्टोबरात मी पान उलटून बघितलं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं."

बाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात कॉफी ओतून त्यांच्या पुढे धरली. बाबा कॉफी पीत नाहीत. ती ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

मला मात्र सगळं समजावून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर पाय गोठले होते आणि निघायला हवं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड होता तो सोडून जाववेना. त्यांनी मला भिंगातून दाखवलं. कुंडीतल्या नेच्याच्या पानामागे बीजाणूंचे ठिपके बुडापासून शेंड्यापर्यंत ओळीने असतात. इथे खालची पाती मागून स्वच्छ होती आणि ठिपके होते ते फक्त शेंड्याकडच्या लहान पात्यांवर, तेही एकमेकांत मिसळून तपकिरी लेप दिल्यासारखे. कडेला बारीक टोकदार केस. दांड्यावर बदामी रंगाचे खवले. आणि सगळी पानं थंडीत मरण्याऐवजी जमिनीवर आडवी पसरलेली, बर्फाखाली, हिरवीच.

"पॉलिस्टिकम," ते म्हणाले. "याचा भाऊ मी मसुरीला बघितला होता. कॉलेजची सहल होती, तुझा नवरा तेव्हा तिसरीत होता. आणि बघ ना, ही बाई मला त्या दिवशी काय सांगत होती? ख्रिसमस फर्न. म्हणजे ख्रिसमसच्या दिवसांत हिरवा असणारा. उत्तर नावातच होतं. मी 'ख्रिसमस' ऐकलं आणि कान बंद केले."

बाईंना मी त्यातलं थोडं इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या की हो, नाव त्याच्यामुळेच पडलं असं सांगतात, पूर्वी लोक सणाला घर सजवायला हीच पानं न्यायचे. पण त्यांना स्वतःला दुसरं कारण आवडतं. त्यांनी वाकून एका पात्यावर बोट ठेवलं. लांबट पातं, बुडाशी एका बाजूला वर आलेला तो कान. "पायमोजा," त्या म्हणाल्या. "सांताक्लॉजसाठी टांगतात ना मुलं, तसा."

बाबांनी ते पातं आडवं धरलं, उभं धरलं, आणि खो खो हसायला लागले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर मी त्यांना गरम पाण्यात पाय सोडून बसवलं आणि चांगलीच रागावले. सासऱ्यांना रागावण्याची ती माझी पहिलीच वेळ. फोन न घेता जायचं नाही, सांगितल्याशिवाय जायचं नाही, दुसऱ्याचे बूट घालायचे नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या भिजलेल्या सपातांकडे बघून म्हणाले, "तू तरी काय घालून आलीस?" आणि बादलीत स्वतःचे पाय थोडे बाजूला सरकवून जागा केली. मी नाही म्हटलं. नंतर दुसरी बादली आणली.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नातीला सांगितलं, "तुझं यंत्र बरोबर होतं. आणि तुझा प्रश्नही बरोबर होता. मी बघितलं नव्हतं."

तिने इतकंच म्हटलं, "इट्स ओके, आजोबा. इट्स जस्ट अ फर्न."

"नाही," ते म्हणाले. "जस्ट काही नसतं."

त्या दिवसापासून मंगळवार आणि गुरुवार ठरून गेले. साडेदहाला बाबा नव्या बुटांत, फोन खिशात घालून निघायचे, आणि पार्कच्या दारात बाई वाट बघत उभ्या असायच्या. माझा नवरा म्हणाला, "बाबा एका अमेरिकन बाईबरोबर जंगलात फिरतात हे पुण्यात कळू देऊ नकोस," पण त्याने स्वतःच ते भावाला सांगितलं आणि आठवड्याभरात सगळ्या नातेवाइकांना कळलं. मला दोन चुलत नणंदांचे फोन आले. मी सांगितलं की ते दोघं शेवाळावर चर्चा करतात. कोणाचाही विश्वास बसला नाही.

पण खरंच तेच करायचे. बाई तीस वर्षं शाळेची बस चालवायच्या. कुठल्याही कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या. बस सकाळी या जंगलाच्या कडेने जायची आणि सिग्नलला उभी राहिली की मुलं विचारायची, ते काय आहे, हे काय आहे. दरवेळी "माहीत नाही" म्हणायची लाज वाटायला लागली म्हणून त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणून नावं शिकून घेतली. त्यांना एकही लॅटिन नाव येत नव्हतं. बाबांना इथलं एकही बोलीतलं नाव येत नव्हतं. त्यामुळे, आणि बाईंच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे, त्यांच्या फेऱ्या फार सावकाश व्हायच्या. बाई एक नाव सांगायच्या, बाबा भिंग लावायचे, मग पुष्कळ वेळाने दुसरं नाव सांगायचे, आणि दोघं आपापल्या वहीत समोरच्याचं नाव लिहून घ्यायचे. कधी कधी गुरुवारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत मीही जायचे. इअरफोन घरी ठेवून.

जानेवारीत बाईंनी आम्हाला घरी बोलावलं. त्यांच्या परसात, कुंपणाच्या सावलीत, त्या नेच्याची सात-आठ झुडपं होती. त्यांनी बाबांच्या हातात कात्री दिली. "हे पार्कमधलं नाही," त्या म्हणाल्या. "हे माझं आहे. कापा."

बाबांनी झुडपाभोवती दोन फेऱ्या मारल्या, एकच पान निवडलं आणि बुडापासून कापलं. घरी येऊन त्यांनी ते वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवलं, वर माझ्या ऑफिसच्या पाच जाडजूड मॅन्युअल्सचा भार दिला, आणि रोज सकाळी कागद बदलायला लागले. ती मॅन्युअल्स कोणाच्या उपयोगी पडलेली मी तरी तेव्हाच पाहिली. पान वाळल्यावर त्यांनी ते जाड कागदावर सुईदोऱ्याने टाचलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लिहायला बसले. लेक शेजारी येऊन उभी राहिली.

शास्त्रीय नाव लिहिलं, पॉलिस्टिकम ॲक्रोस्टिकॉइडिस. त्याखाली बोलीतलं नाव, ख्रिसमस फर्न. लेबलवर असं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, असं म्हणाले.

"अँड मराठी?" लेकीने विचारलं.

"मराठीत याला नाव नाही. हा आपल्याकडे उगवतच नाही."

"मग तू ठेव ना."

हे ती मराठीत म्हणाली. माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही आलं, पण दोघांनी तसं दाखवलं नाही.

"मी कसं ठेवणार? नाव लोक ठेवतात."

"आपण लोक नाही आहोत?"

त्यांनी पेनचं टोपण बंद केलं आणि ते विचारात पडले. तो विचार चार दिवस चालला. नाताळनेचा त्यांना नुसतं भाषांतर वाटलं. नवऱ्याने बर्फ्या सुचवलं, त्याला मत विचारणं बंद करण्यात आलं. लेक सॉक-फर्न, सॉक-फर्न म्हणत राहिली आणि मी डबा भरताना सहज म्हटलं, "मोज्याच्या पानांचा, म्हणजे मोजपानी."

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "पुन्हा म्हण."

"मोजपानी."

त्यांनी लगेच लेबल पुढे ओढलं. तिसरी ओळ लिहिली, आणि खाली कंसात, बारीक अक्षरात, नाव कोणी दिलं तेही लिहिलं. शास्त्रात तशी पद्धत आहे म्हणे. तिथे माझं आणि लेकीचं, अशी दोन नावं आहेत. मी कंपनीत सतरा वर्षं आहे, माझ्या नावाने दोन पेटंट आहेत, पण नवऱ्याला विचाराल तर मी पाहुण्यांना दाखवते ते लेबलच.

पुढच्या गुरुवारी बाईंनी ते नाव म्हणून बघितलं. त्यांच्या तोंडी ते मोशपॅनी झालं. बाबांनी तीनदा दुरुस्त केलं आणि मग सोडून दिलं. "चालेल," ते म्हणाले. "दहा गावांत दहा."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं. दिरांनी भाड्याचं घर शोधलं होतं, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं शेवटचे घळीत गेलो. बाबा, बाई, लेक आणि मी. हिवाळाभर आडव्या पडलेल्या जुन्या पानांच्या मधोमध नवे कोंब वर येत होते, घट्ट गुंडाळलेले, चंदेरी केसांनी भरलेले. लेक पोटावर आडवी होऊन फोटो काढत होती. बाबांनी गळ्यातलं भिंग काढलं आणि तिला दिलं. बघायला दिलं असं मला वाटलं. विमानतळावर निघताना त्यांच्या गळ्यात ते नव्हतं, तेव्हा समजलं.

बाईंनी निरोप घेताना हात पुढे केला. बाबांनी आधी नमस्कार केला, मग हात मिळवला, मग काय करावं न कळून टोपी काढली. "मॅडम, तुम्ही मला माझं काम पुन्हा शिकवलंत," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही मला बर्फात वीस मिनिटं उभं केलंत." इतकंच.

आता ते पुण्यात आहेत. सोसायटीची इमारत अजून पायाच्या वर आलेली नाही आणि भाड्याचं घर त्यांना आवडत नाही, कारण गॅलरीत ऊन फार येतं. आम्ही रविवारी फोनवर बोलतो. नवरा दोन मिनिटं बोलतो आणि फोन माझ्याकडे देतो, मग आमचं तासभर चालतं. मी जंगलात काय बघितलं ते सांगते आणि ते एकच प्रश्न विचारतात, "पान उलटून बघितलंस?" निम्म्या वेळा उत्तर नाही असं असतं.

मागच्या महिन्यात मात्र त्यांच्याकडेच बातमी होती. त्यांना अचानक आठवलं की कराडच्या कॉलेजात, कपाटात, त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी आंबोलीहून आणून कागदावर लावलेला एक नेच्याचा नमुना आहे, आणि त्याचंही नाव त्यांनी असंच घाईत लिहिलं होतं. पन्नासेक वर्षं पोरं ते चुकीचं नाव पाठ करत असतील, या विचाराने त्यांना चैन पडेना. दीर नको नको म्हणत असताना ते सकाळच्या एसटीने कराडला गेले. कपाटाची किल्ली शोधण्यात दोन तास गेले. नवीन प्राध्यापकांनी कौतुकाने खुर्ची दिली, चहा दिला, एक भिंगही दिलं.

"मग?" मी विचारलं. "चुकलं होतं?"

"नाही गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चक्क हिरमुसला होता. "बरोबर निघालं. उगीच गेलो."

मग त्यांनी विचारलं, त्या बाईंचा गुडघा आता कसा आहे, आणि मी सांगायला लागले.